कवळीवाले आणि दोन सीटांची गाडी

गिअरच्या दांड्यावरची मूठ हिरडीच्या रंगाची होती. नुसती गुलाबी म्हणून भागणार नाही. बुडाशी जरा जांभळट, वर फिकट, आणि उजेडात धरून पाहिली तर आत केसाहून बारीक लाल धागे दिसत. कवळ्यांसाठी जे द्रव्य वापरतात त्यात हे धागे मुद्दाम मिसळलेले असतात, हिरडीत रक्तवाहिन्या आहेत असं वाटावं म्हणून. गाडीच्या मुठीला रक्तवाहिन्या कशाला, असं मी विचारलं तेव्हा कवळीवाले म्हणाले, "असू देत. हातात धरल्यावर निर्जीव वाटायला नको."

कवळीवाले म्हणजे आमचे शेजारी. त्यांची नि आमची एक भिंत सामाईक. सगळा जन्म त्यांनी लोकांचे खोटे दात घडवण्यात घालवला. पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत राहणं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात एक मांजर होतं, तेही जेवायला आमच्याकडे यायचं.

गाडी माझ्या आत्याची. आत्या ही बाबांची थोरली बहीण, आमच्याच घरात राहणारी. तिने लग्न केलं नाही, ड्रायव्हिंग स्कूल काढलं. गावातल्या निम्म्या लोकांना तिने गाडी चालवायला शिकवलं आणि उरलेल्या निम्म्यांना रस्ता ओलांडताना जपायला. ही दोन सीटांची, लांब नाकाची, बसकी, कापडी छपराची स्पोर्ट्‌स कार तिने तरुणपणी हौसेने घेतली होती. स्कूलचा व्याप वाढला तशी ती आधी रविवारची गाडी झाली, मग कधीमधीची, आणि शेवटी गॅरेजमधली. चादरीखाली ती इतकी वर्षं उभी होती की लहानपणी मला ते एखादं झोपलेलं जनावर वाटायचं.

कवळीवाले एकदा आत्याकडे गाडी शिकायलाही आले होते. पहिल्याच वळणावर त्यांनी डोळे मिटून घेतले. आत्याने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला, गाडी कडेला घेतली आणि म्हणाली, "कवळीवाले, तुम्ही आपले दातच करा." ते मुकाट्याने उतरले, आभार मानले आणि चालत घरी आले. तेव्हापासून ते तिला मॅडम म्हणत.

त्यांनी लग्नाचं विचारलं तेही असंच साध्या रीतीने. फाटकाशी, हातात कचऱ्याची बादली. "मॅडम, उरलेलं आयुष्य तुमच्याबरोबर काढावं असं मला वाटतं. तुमचं काय मत आहे?"

आत्या क्षणभर बादलीकडे पाहत राहिली. मग गॅरेजकडे बोट दाखवून म्हणाली, "आधी ती चालू करून दाखवा. मग सांगते."

आईच्या मते हा नकार होता, फक्त इस्त्री केलेला. बाबांना तो ऐकून इतका आनंद झाला की त्यांनी त्या दिवशी स्वतःचा चहा स्वतः ओतून घेतला. हा नकार आहे हे कळलं नाही ते एकट्या कवळीवाल्यांना. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पांढरा कोट घालून, वाडगं आणि पसरट चमचा घेऊन गॅरेजात हजर झाले.

त्यांची काम करण्याची पद्धत एकच होती. काहीही मोडलेलं दिसलं की आधी त्याचं माप घ्यायचं. दातांचं माप घेताना तोंडात जो थंडगार लगदा भरतात तोच ते इथे वापरत. लगदा घट्ट झाला की सोडवायचा, त्या साच्यात प्लास्टर ओतायचं, आणि त्या प्लास्टरवरून नवा भाग घडवायचा. दाराची कडी, काच खालीवर करायचा दांडा, आरशाचा कान, सगळं त्यांनी असं पुन्हा घडवलं. म्हणून गाडी जिथे जिथे दुरुस्त झाली तिथे तिथे ती गुलाबी होती. बॉनेट उघडताना सवयीने त्यांच्या तोंडून "आ करा" असं निघायचं.

"त्यांना एकदा सांगून टाक ना," बाबा आत्याला म्हणत. "उगाच म्हातारा माणूस गाडीखाली शिरतोय."

"तो तुझ्यापेक्षा वर्षभराने लहान आहे, बाळ," आत्या म्हणायची.

बाबांची भीती मला कळत होती. ते जन्मभर नकाशे काढायच्या कचेरीत होते. नद्यांची वळणं त्यांना तोंडपाठ, पण घरातली एकही वस्तू त्यांना कधी स्वतःची स्वतः सापडली नाही. "ताई, माझा चष्मा?" "ताई, विजेचं बिल?" "ताई, आपण साखर कुठे ठेवतो?" पहिला प्रश्न तर बहुतेक वेळा चष्मा लावूनच विचारलेला असे.

"ती भिंतीपलीकडे जाईल, समुद्रापलीकडे नाही," आई म्हणाली.

"भिंतीपलीकडून चष्मा कसा शोधणार?" बाबा म्हणाले. ते गंभीरपणे विचारत होते.

पहिल्यांदा किल्ली फिरवायची ठरली त्या रविवारी आम्ही सगळे गॅरेजात जमलो. बाबा दारातच उभे राहिले, म्हणजे काही झालं तर ते आधी बाहेर. आत्या स्टिअरिंगवर बसली. तिने सीट पुढे घेतली, आरसा नीट केला, किल्लीला हात घातला आणि मला पेट्रोलचा वास आला.

"आत्या, फिरवू नकोस."

बॉनेट उघडलं. कार्बोरेटरमधून पेट्रोल पाझरून खाली टपकत होतं. त्याच्या पोटात एक पोकळ पितळी डबा असतो. पेट्रोल भरलं की तो तरंगत वर येतो आणि पेट्रोल यायची वाट बंद करतो. मी झाकण काढून पाहिलं. आत डबा होता, पण पितळी नव्हता. गुलाबी होता. फुगून, मऊ होऊन, चघळून टाकलेल्या खोडरबरासारखा एका बाजूला अडकून बसला होता.

"हा कशाचा केलात?" मी विचारलं.

"जे नेहमी वापरतो त्याचाच," कवळीवाले म्हणाले. "जुन्याला चीर होती. अहो, लोकांच्या तोंडात वर्षानुवर्षं टिकतं हे."

"तोंडात कोणी पेट्रोल धरून बसत नाही."

त्यांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. "गरम चहा धरतात. लिंबू धरतात. माझं एक गिऱ्हाईक सुपारीएवढा खडीसाखरेचा खडा..."

"पेट्रोल?"

"पेट्रोल नाही," त्यांनी कबूल केलं.

मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. कुठलं द्रव कुठल्या बाटलीत ठेवायचं नाही, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. मी त्यांना सांगितलं की या जातीच्या प्लास्टिकमध्ये पेट्रोल शिरतं आणि ते फुगतं. आधी एक तुकडा बाटलीत बुडवून ठेवला असता तर आठवड्यात कळलं असतं. त्यांनी कोटाच्या खिशातून पेन्सिल काढली आणि गॅरेजच्या भिंतीवर लिहिलं, 'आधी बुडवून पाहणे.'

आत्या अजून स्टिअरिंगवरच बसलेली होती. ती हसत नव्हती, पण तिने तोंड खिडकीकडे वळवलं होतं.

जुना पितळी डबा कवळीवाल्यांनी टाकला नव्हता. मी तो त्यांना तास दीड तास पाण्यात उकळायला लावला, आत पेट्रोलचा थेंबही राहू नये म्हणून. मग दातांच्या तारा जोडायला जो चांदीचा डाख ते वापरत, त्याने त्यांनी ती चीर बुजवली. डाख इतका गुळगुळीत बसला की नख फिरवून कळेना. या माणसाची चूक झाली होती ती द्रव्याची, हाताची नव्हती.

पुढच्या रविवारी पुन्हा सगळे जमलो. या वेळी इंजिन फिरलं, धापा टाकल्यासारखा आवाज केला, पण पेटेना. मी एकेक गोष्ट बाजूला काढत गेले. पेट्रोल येत होतं. हवा येत होती. ठिणगी येत नव्हती. ठिणगी वाटून देणाऱ्या डब्याचं झाकण उघडलं तर आतला रोटरच नाही. बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा. तो फिरत फिरत एकेका प्लगला ठिणगी देतो. तो नसला की बाकी सगळं इंजिन शोभेचं.

"काल होता," कवळीवाले म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. "मी स्वतः पुसून बसवला होता."

सगळ्यांनी शोधाशोध केली. गाडीखाली, फळ्यांवर, मांजराच्या टोपलीत. सगळ्यांत जास्त शोधत होते ते बाबा. गुडघ्यांवर बसून, हातात टॉर्च घेऊन. इथेच मला शंका यायला हवी होती. आयुष्यात पहिल्यांदा ते एखादी वस्तू स्वतः शोधत होते.

रोटर आईला मिळाला. दुपारी जेवायला बसलो तेव्हा तिने सगळ्यांची ताटं वाढली, आणि बाबांच्या ताटात फक्त रोटर ठेवला. मधोमध. शेजारी चमचा.

"हे काय?" बाबा म्हणाले.

"तुमच्या पायमोज्यात होतं. धुवायला टाकलेल्या. घ्या, गार होतंय."

कोणीच घास घेतला नाही. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मी तो हरवू नये म्हणून ठेवला होता."

"पायमोज्यात?"

"हाताशी असावा म्हणून."

"पायमोजा पायाशी असतो," आई म्हणाली.

"मग काय करू?" बाबांचा आवाज एकदम चढला. "ती गेली तर या घराचं काय?"

"घरात मी आहे ना? की मी इथे भाड्याने राहते?"

बाबा आत्याकडे वळले, लहान भाऊ चूक करून मोठ्या बहिणीकडे बघतो तसे. आत्याने हात लांब करून त्यांच्या ताटातून रोटर उचलला, रुमालाने पुसला आणि उजेडात धरून पाहिला.

"बाळ," ती म्हणाली, "तुझा चष्मा मी कुठेही गेले तरी तुझ्या नाकावरच असणार आहे."

ती उठून गेली. आम्ही तिघं ताटांसमोर तसेच बसून राहिलो. गॅरेजचं दार वाजलं. बॉनेट वाजलं. मग एक मोठा खोकला ऐकू आला, दुसरा ऐकू आला, आणि तिसऱ्याला इंजिन पेटलं. स्वयंपाकघरातल्या पेल्यांना कंप सुटला. भिंतीपलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि कवळीवाले अनवाणी, हातात कुणाचा तरी अर्धवट खालचा जबडा घेऊन, आमच्या अंगणातून धावत गेले.

आम्ही गेलो तेव्हा ते गाडीशेजारी उभे होते. आत्या आत बसून एका लयीत ॲक्सिलरेटर देत होती. काही वेळाने तिने इंजिन बंद केलं. आता सगळे तिच्याकडे बघत होते. कवळीवाले मात्र बघत नव्हते. ते हातातल्या जबड्याकडे बघत होते.

"ब्रेक," आत्या म्हणाली. "ब्रेक धड नाहीत."

कवळीवाल्यांनी ब्रेक केले. मग आत्या म्हणाली, छप्पर गळतं. त्यांनी छप्पर शिवून घेतलं. मग दाराचा आवाज. मग रंग, जुना गडद हिरवा नीट जुळला पाहिजे. दातांच्या छटा जुळवण्यात ज्याचा जन्म गेला त्याला हिरवा जुळवणं कठीण नव्हतं. पण त्यासाठी ते दोघं शेजारी शेजारी उभं राहून रंगाच्या पट्ट्या उन्हात धरत, आणि त्यात कितीतरी सकाळी गेल्या. "ही जरा निळी वाटते." "मॅडम, ती सावली आहे." "मग सावलीत धरून बघू."

"वन्सं," आई एकदा न राहवून म्हणाली, "गाडीला आता काय शाळेत घालायचंय का?"

आत्या म्हणाली, "हेडलाइट अजून तपासायचे आहेत."

त्या सुमारास कवळीवाल्यांनी हत्यारं पुसून पेटीत ठेवली. एकही बाहेर ठेवलं नाही. आत्या चहा घेऊन आली होती. मी फळीवर बसून बल्ब मोजत होते. त्यांनी मला पाहिलं होतं, पण माझी अडचण वाटली नसावी.

"मॅडम, आता करण्यासारखं काही उरलं नाही," ते म्हणाले. "रस्त्यावर काढण्याआधीच्या सरकारी तपासणीची तारीख घ्या. गाडी पास झाली की मी येणं बंद करीन. तुम्हाला काही सांगावं लागू नये. मला समजतं. उशिरा समजतं, एवढंच."

आत्याने कप फळीवर ठेवला. "साखर घातली नाहीये," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

तिच्यामागे मी गेले. ती आपल्या खोलीत खुर्चीत बसली होती. तिचा उजवा पाय जमिनीवर हळूच दाबला जात होता आणि सुटत होता. ही तिची जुनी सवय. बसमध्ये बसली तरी ड्रायव्हरच्या वतीने ब्रेक दाबायची.

"तुला नको आहेत का ते?" मी विचारलं.

"नको असते तर तेव्हाच नको म्हटलं असतं. मला काय जीभ नाही?"

"मग?"

"इतकी वर्षं मी लोकांच्या शेजारी बसले," ती म्हणाली. "स्टिअरिंग त्यांच्या हातात, पण माझ्या पायाखाली माझा एक ब्रेक. काही चुकलं की दाबायचा. त्याच्या जिवावर मी कोणाच्याही शेजारी बसू शकत होते. लग्नात तो नसतो ना."

"त्यांच्या पायाखालीही नाही," मी म्हणाले.

"त्यांना गाडीच येत नाही," आत्या म्हणाली. मग जरा थांबून, "पण ते बसतात तरी. डोळे मिटून का होईना."

तपासणीच्या दिवशी आत्या आणि कवळीवाले गाडीतून निघाले, मी आणि बाबा मागे स्कूटरवर. बाबांनी मांडीवर हत्यारांची पेटी घेतली होती. रोटर प्रकरणापासून ते फार मदत करत. आई आली नाही. "उत्तर मिळालं तर फोन कर," तिने मला बजावलं. "नुसती गाडी पास झाली तर करू नकोस."

तपासणीचं आवार म्हणजे एक लांब पत्र्याची शेड आणि तिच्यात एक खड्डा. गाडी खड्ड्यावर उभी करायची आणि तपासनीस खाली उतरून पोटाकडून बघणार. तपासनीस उंच होता, त्यामुळे खड्ड्यात उभा राहिला तरी त्याची टोपी बाहेर दिसायची. मागच्या दिव्याच्या काचेवर त्याने नखाने टिचकी मारली.

"ही कसली काच?"

"हिरडीची," कवळीवाले म्हणाले. "म्हणजे, तेच द्रव्य. रंग वाढवून घेतलाय."

"टिकेल?"

"बुडवून पाहिलंय."

तपासनीसाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो पुढे गेला. ब्रेक, दिवे, भोंगा, चाकं, सगळं झालं. मग खड्ड्यातून वर येऊन त्याने आत डोकं घातलं आणि बाजूची सीट चाचपली. तिथे कवळीवाले अंग चोरून बसले होते.

"इकडचा पट्टा कुठे आहे?"

आत्याने चमकून पाहिलं. तिच्या सीटला पट्टा होता. कवळीवाल्यांनीच बसवला होता, दुपदरी शिवण घालून. बाजूच्या सीटला नव्हता.

"तो मी लावला नाही," कवळीवाले म्हणाले. "इकडे कोण बसणार ते मला कोणी सांगितलं नव्हतं."

"मग असं आहे," तपासनीस म्हणाला. "ही सीट काढून टाका, एकाच माणसाची गाडी म्हणून आत्ता पास करतो. नाहीतर पट्टा लावून दोघांची म्हणून परत आणा. काय ते ठरवा. मागे रांग आहे."

"काढा की, साहेब," बाबा पुढे झाले. पेटी उघडण्याची त्यांना घाई झाली होती. "पाने मी आणलेत. कुठल्या मापाचा लागेल?"

आणि कवळीवाले खरोखरच खाली उतरले. त्यांनी बाबांच्या हातातून पाना घेतला, कोट सावरला, गाडीच्या दाराशी गुडघे टेकले आणि सीटच्या पहिल्या बोल्टला पाना लावला. मागच्या गाडीने भोंगा दिला. बोल्ट घट्ट होता. त्यांनीच कधीतरी घट्ट केलेला. त्यांनी जोर केला. तो कुरकुरला आणि जरासा फिरला.

आत्याने इंजिन बंद केलं.

"मॅडम, लवकर सांगा," तपासनीस म्हणाला. "या बाजूला रोज कोणी बसणार आहे का?"

आत्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. पाय मी पाहिले. ते दोन्ही स्थिर होते.

"तो पाना खाली ठेवा," ती कवळीवाल्यांना म्हणाली. मग तपासनीसाकडे वळून, मागच्या गाडीवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सीट काढायची नाही. मी यांच्याशी लग्न करणार आहे."